मावशी, फोटोखालची नावं तुमच्यामुळे आली

मावशी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, तिच्या मोबाईलवर पाठवतोच आहे. तुमचं नाव इथे लिहीत नाही कारण तुम्हीच बजावलंय, माझं नको म्हणून. बाकी सगळं लिहितो, रागावू नका.

दोन वर्षांपूर्वी मी घाटावरून पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला बदली होऊन आलो तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं, नववीच्या पोरांनी आपापल्या पाड्यावर जाऊन फोटो काढायचे, घरं, भिंती, वाद्यं, लग्नं, जे दिसेल ते. एक सेकंडहँड कॅमेरा, पाच मोबाईल आणि त्यातल्या दोघांची स्क्रीन फुटलेली. पोरं सुटली की हो, पंधरा दिवसांत चारशेच्या वर फोटो. आणि मी शहाणा रात्री बसून त्यांना कॅप्शन देत होतो: "आदिवासी वाद्य", "आदिवासी टोपली", "पारंपरिक वारली चित्रकला". आता आठवलं तरी कसंतरी होतं.

लॅपटॉप मी शाळेच्या स्वयंपाकघरात आणला तो काही तुम्हाला विचारायला नाही, खरं सांगतो, त्या दिवशी चार्जिंगचा तेवढाच पॉइंट चालू होता. तुम्ही तांदूळ निवडत होतात. ती टोपली बघून तुम्ही जे हसलात ते हसलातच, कारण ती टोपली नव्हती, कणगी होती, शेणामातीने लिंपलेली, वर्षाचं भात ठेवायची. मग सूप बाजूला ठेवून तुम्ही खाली बसलात आणि त्या दिवशी पोरांना जेवण अर्धा तास उशिरा मिळालं, ते मुख्याध्यापकांना मी अजून सांगितलेलं नाही.

तारप्याच्या, म्हणजे फुंकून वाजवायच्या त्या लांब वाद्याच्या, फोटोवर तर तुम्ही वर्गच घेतलात. दुधी कुठला, बांबू कुठला, ताडाचं पान कुठे लागतं, मेण कशाला. आणि नाचणारे गोल फिरतात पण तारप्याला पाठ करत नाहीत, हे तुम्ही सांगितल्यावर मी पोरांचे फोटो परत बघितले आणि खरंच, एकाही फोटोत कुणाची पाठ तारपेवाल्याकडे नाही. पोरांना ते माहीतच होतं म्हणे, सर तुम्ही विचारलंच नाही!

पण सगळ्यात मोठी चूक तुम्ही पकडलीत ती लग्नचौकाच्या, म्हणजे लग्नात घरच्या भिंतीवर असतं त्या तांदळाच्या पिठाच्या चित्राच्या, फोटोत. मी लिहिलं होतं "चौक काढताना महिला". तुम्ही म्हणालात, गुरुजी, चौक काढत नाय, लिहितात. (तुम्ही मला अरे-तुरे करता ते मला पहिल्या दिवसापासून आवडतं, आमच्याकडे मास्तर म्हटलं की लोक उगाच लांब उभे राहतात.) मग पालघाट देवी कुठे बसते, बाजूच्या छोट्या चौकात पाच डोक्यांचा पंचशिऱ्या देव का, सवाशिणी लिहितात आणि लग्न लावणारी धवलेरी गाते तेव्हा कुठे लग्न लागतं, हे सगळं एका फोटोवर बोट ठेवून सांगितलंत. आणि शेवटी विचारलंत, लिहिलाय कुणी? नाव कुठाय?

मला उत्तर देता आलं नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव आमच्या पोरांना पाठ आहे, गंजाडचे, 2011 ला पद्मश्री मिळाली, आणि मिळायलाच हवी होती. पण त्यांनी कागदावर काढायच्या कितीतरी आधीपासून भिंतीवर बाया लिहीत होत्या, आणि माझ्या चारशे फोटोंत एकीचंही नाव नव्हतं. साडीवर, कपावर, एअरपोर्टच्या भिंतीवर सगळीकडे वारली दिसते, जीआय टॅगपण (ती इथलीच असल्याची सरकारी नोंद) आहे, आणि मी तिथेच राहून तेच करत होतो, बाईचे फक्त हात दाखवायचे आणि खाली "महिला".

मग पोरं परत पाड्यावर गेली, या वेळी वही घेऊन. नावं आणली. फोटोपण परत काढले कारण पहिल्या वेळी फ्लॅशने तांदळाच्या पिठाच्या रेघा पार उडाल्या होत्या, आता दार उघडं ठेवून बाजूच्या उजेडात काढले तर गेरूखालच्या कुडाच्या, काटक्या-मातीच्या भिंतीचा खडबडीतपणासुद्धा दिसतो. एका घरकुलात सिमेंटच्या भिंतीवर, डिस्टेंपरवर तेवढ्याच तुकड्याला गेरू फासून चौक लिहिलेला सापडला, माझ्या मते आमच्या सगळ्या फोटोंत तोच एक नंबर.

आणि हो, पाड्यावरच्या एका लग्नात भगताच्या, म्हणजे देवाचं करणाऱ्याच्या, अंगात वारं आलं आणि आमच्या एका पोराने मोबाईल वर केला तेव्हा तुम्ही लेन्सवर नुसता हात ठेवलात, ओरडला नाहीत. तो पोरगा आता विचारल्याशिवाय कोंबडीचापण फोटो काढत नाही.

9 ऑगस्टला आदिवासी दिनाला व्हरांड्यात सुतळीवर चिमटे लावून 62 फोटो टांगले, पावसाने प्रिंट मऊ पडले, दोन तर वाऱ्याने नाल्यात गेले. पण सत्तरीतल्या एक आजी आल्या, वाचता येत नाही त्यांना, तर नातवाला आपल्या चौकाखालचं नाव तीनदा वाचायला लावलं आणि मग काही न बोलता तिथेच खाली बसल्या. तुम्ही तेव्हा आत खिचडी ढवळत होतात म्हणून हे सांगायचं राहिलं होतं.

खूप खूप आभार, मावशी. परवा तुम्ही म्हणालात की एवढे फोटो आणि कणसरीचा, आपल्या धान्याच्या देवीचा, एक नाही. तर भात कापणीला पोरांना घेऊन तुमच्या खळ्यावर येतोय, आधी तुम्हाला विचारून. या वेळी बॅटरी चार्ज करून आणतो.

तुमचा,
गुरुजी