लेकरांच्या ताटात ज्वारी कधी येणार?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेले आहे : 'रोज हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध व अंडी खा.' तो मजकूर मीच मुख्याध्यापक असताना रंगवून घेतला होता. रंग चांगल्या प्रतीचा असावा, अजून टिकून आहे. त्याच भिंतीखाली बसून लेकरे खिचडी खातात आणि हात धुतले की फाटकासमोरच्या टपरीकडे पाच रुपयांची पुडी आणायला पळतात. मी निवृत्त झालो, पुड्यांचे रंग बदलले. बाकी देखावा तोच.

शाळेतल्या खाण्याच्या धोरणांवर जगभरात झालेल्या अभ्यासांविषयी मी अलीकडे बरेच वाचले. वाचून स्वतःच्या भिंतीकडे बघवेना. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा ९१ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. शाळेने फळ थेट हातात दिले तिथे मुलांचे फळ खाणे वाढले. हिशेब केला तर चार दिवसांत साधारण एक फळ जास्त. शाळेतल्या जेवणाचे निकष ठरवून दिले तिथे ही वाढ रोज पाऊण फळाच्या घरात गेली. गोड पेये आणि चटरमटर खाऊ यांच्या शाळेतल्या विक्रीवर बंधन घातले तिथे त्यांचे प्रमाण कमी झाले. भाजी मात्र नुसती समोर ठेवल्याने खाल्ली गेली नाही. हे शेवटचे कोणत्याही आईला विचारले असते तरी कळले असते, पण आकड्यांनी सांगितलेले आपल्याकडे लवकर पटते.

यातले बहुतेक प्रयोग अमेरिका-युरोपातले. तिथले सगळे उचलून इथे आणता येत नाही, हेही सांगायला हवे. युटा राज्यातल्या काही शाळांत जेवणाआधी खेळाची सुट्टी दिली तर मुलांनी फळे-भाज्या ५४ टक्के जास्त खाल्ल्या. हे वाचून मला हुरूप आला होता. मग आठवले, की आमच्याकडे पहिलीतले लेकरू सकाळी चहा आणि एका टोस्टवर शाळेत येते. बाराला त्याचा जीव खिचडीवर असतो. त्याला आधी खेळायला सोडले तर ते स्वयंपाकखोलीच्या दारातच उभे राहील. दुसरा एक निष्कर्ष मात्र जसाच्या तसा लागू पडतो : जेवायला बसून वीस मिनिटेही मिळाली नाहीत, तर मुले भाजी आणि दूध टाकून उठतात. आमच्याकडे रांग, वाढप आणि ताटे विसळणे यांतच अर्धी सुट्टी सरते.

फाटकाबाहेरच्या टपरीबद्दल थोडक्यात लिहितो. राज्य सरकारने २०१७ मध्ये शाळेच्या कँटीनमधून जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ हद्दपार केले. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी तर शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांची विक्री आणि जाहिरात दोन्ही बंद केली. पण खेड्यात ५० मीटरमध्ये शाळा, ग्रामपंचायत, मारुतीचा पार आणि बसथांबा असे सगळे गावच मावते. तंबाखूच्या शंभर यार्डांच्या नियमाचे काय झाले ते आपण पाहतोच. शिवाय टपरीवर बसते ती गावातलीच एखादी विधवा बाई. तिच्या पोटावर पाय देऊन लेकरांचे पोट सुधारणार नाही. तिला फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, पेरू, बोरे विकायला लावता येतील. पण पुडीवर तिला जे सुटते ते बोरांवर सुटत नाही, ही खरी अडचण आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही.

म्हणून मी आपल्या हातात असलेल्या गोष्टीकडे वळतो. म्हणजे शाळेतले ताट.

१९९५ साली शाळेतल्या दुपारच्या जेवणाची ही योजना आली तेव्हा शिजवलेले अन्न नव्हते. ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवून द्या म्हणून सांगितले, तेव्हा कुठे चुली पेटल्या. आजचे प्रमाण असे : पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मे २०२५ पासून धान्य सोडून बाकी सगळ्यासाठी दर ताटामागे ६ रुपये ७८ पैसे. डाळ, भाजी, तेल, तिखट-मीठ, सरपण-गॅस, सगळे त्यात. गृहिणींनी हा हिशेब एकदा स्वतःच्या स्वयंपाकघरात मांडून बघावा.

आणि ते १०० ग्रॅम धान्य म्हणजे तांदूळ. मराठवाड्यात! आमच्या लहानपणी भात सणावाराला किंवा पाहुणा आला तर. तांदूळ पिकतो कुठे, शिजतो कुठे. ट्रकने तो शाळेत येतो आणि शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या रानात ज्वारी उभी असते. अलीकडच्या वर्षांत त्या तांदळात वरून लोहही मिसळले गेले, कारण लेकरांच्या अंगात रक्त कमी आहे. कमी आहे हे खोटे नाही. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पोषण पाहणीत ५ ते ९ वयाच्या मुलांपैकी २४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत शाळकरी वयाच्या दर दहा मुलांमागे एकाच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. एकीकडे रक्त नाही, दुसरीकडे साखर चढलेली. दोन्ही एकाच वर्गात.

आता परभणीकडे बघा. तिथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण काढला आणि २०१८ मध्ये तो प्रसारित झाला. साध्या ज्वारीत किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, यात ४५ च्या आसपास, जस्तही जास्त. भारतातली ही पहिली जैवसंपृक्त, म्हणजे वाणातच पोषकद्रव्ये वाढवलेली ज्वारी. जन्मली आपल्या परभणीत, आणि परभणीतल्या शाळेत लेकरू खाते परगावचा भात. अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा भाव लिहिलेला होता, म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात तरी ज्वारी होती.

यावर अधिकारी एकच प्रश्न विचारतात : दोनशे लेकरांच्या भाकरी थापणार कोण? प्रश्न रास्त आहे. खिचडी करणाऱ्या आमच्या मावशींना केंद्राच्या हिशेबाने २००९ पासून महिना १,००० रुपये मानधन, तेही वर्षातले दहा महिने. राज्याने भर घातली आहे, पण तेवढ्यात दोनशे भाकरी थापा म्हणणाऱ्याने आधी स्वतः वीस थापून दाखवाव्यात. शिवाय ज्वारीचे पीठ साठवले की विरी, म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी मोडते.

पण भाकरीच कशाला? आपल्याकडे कण्या होत्या. ज्वारी गिरणीत भरडून आणायची, पाखडायची आणि भातासारखी शिजवायची. वर तुरीचे फोडणीचे वरण नाहीतर ताक. घुगऱ्या होत्या, आंबील होती. कर्नाटकात बेंगळुरूजवळच्या शाळांमध्ये सुमारे दीड हजार मुलांवर असा प्रयोग झाला आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. तिथे नाचणी, बाजरीसारख्या धान्यांची इडली, उपमा, खिचडी केली. तीन महिन्यांत भात-सांबार खाणाऱ्यांपेक्षा या मुलांची वाढ चांगली दिसली आणि मुलांनी चवीलाही भरपूर गुण दिले. भाकरीचा प्रश्नच आला नाही.

मी नोकरीत असताना हे एकदा करून पाहिले होते. एका पालकाने वेळ अमावस्येनंतर चार पायल्या ज्वारी शाळेला दिली. मावशींनी कण्या शिजवल्या. पहिल्या दिवशी निम्म्या ताटांत उरल्या. तिसरीतली एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, हे तर आमच्या आजीचं जेवण हाय." तिच्या बोलण्यात कौतुक नव्हते, तक्रार होती. पांढरा भात म्हणजे शहाण्यासुरत्यांचे, ज्वारी म्हणजे म्हाताऱ्यांचे आणि गरिबांचे, हे तिला आठ वर्षांच्या वयात कळले होते. मावशींनी दुसऱ्यांदा वरणात अंबाडी घातली, लसणाची फोडणी जरा सढळ दिली आणि लिंबाच्या फोडी वाटल्या. चौथ्या वेळी पातेले खरवडले गेले. मग ज्वारी संपली, आणि तांदूळ होताच.

आमच्या भागात हे ताट म्हणजे नुसता एका वेळच्या जेवणाचा प्रश्नही नाही. आंध्र प्रदेशातल्या मुलांवरच्या एका अभ्यासात दिसले, की दुष्काळाने खुंटलेली लहान मुलांची वाढ शाळेतल्या जेवणाने भरून निघाली. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी ज्यांनी शाळा पाहिल्या त्यांना हे वेगळे सांगायला नको. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही आहार द्यावा, असे न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले आहे. ऊसतोडीला आई-बाप गेले की बीडकडची कितीतरी लेकरे आजी-आजोबांजवळ राहतात. त्यांचे दिवसातले एकमेव पोटभर ताट शाळेत असते. अशा वेळी सरकारने २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे किंवा केळे सुरू केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचे पैसे काढून घेऊन 'लोकसहभागातून करा' असे कळवले. हंगामात अर्धे गाव साखर कारखान्याच्या फडावर असते. सहभाग द्यायला लोक तर हवेत.

माझी मागणी मोठी नाही. परभणी आणि लातूर जिल्ह्यांतल्या एका-एका केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शाळांना एक वर्षासाठी आठवड्यातून तीन दिवस तांदळाऐवजी रब्बीची ज्वारी द्यावी, पिठाच्या नव्हे, दाण्याच्या रूपात. ती गावातल्याच शेतकऱ्यांकडून घ्यावी. खरिपाची घेऊ नये, ती पावसात काळी पडते. भरडाईचे पैसे वेगळे द्यावेत आणि मावशींच्या मानधनात त्या तीन दिवसांचे जादा काम धरावे. शाळांत आरोग्य तपासणीचे पथक वर्षातून एकदा येतेच. उंची-वजनाबरोबर त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी हिमोग्लोबिनही मोजावे, शेजारच्या भात खाणाऱ्या केंद्राचेही मोजावे. कृषी विद्यापीठ परभणीतच आहे, ताळा त्यांनी करावा. आकडे काय येतील ते येऊ देत.

कण्या किती जाड भरडायच्या, दाण्याला पाणी किती, हे आमच्या जुन्या मावशींना अजून तोंडपाठ आहे. त्या शिकवायला तयार आहेत, मी विचारून ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
ता. औसा, जि. लातूर