बारावीचे टक्के विचारू नका

जर्सी सिटी, न्यू जर्सी
१४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादा आणि सौ. वहिनी यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

वहिनींनी परवा फोनवर विचारलं, चिरंजीव बारावीत गेले, मग क्लास कुठला लावला आणि बोर्डाची परीक्षा कधी? फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे, तेवढं चुकवू नका.

इथे बोर्डच नाही. हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. बारावीच्या मुलाला सीनियर म्हणतात. कॉलेजचे अर्ज बारावीच्या पहिल्या सहामाहीतच जातात, त्यामुळे त्यात दिसतात ते मुख्यतः मागच्या तीन वर्षांचे गुण. याचा अर्थ आता हातपाय पसरावेत असा नाही. फेब्रुवारीच्या सुमारास सहामाहीचे गुण कॉलेजला कळवले जातात, उन्हाळ्यात शेवटचे. प्रवेश मिळाला म्हणून पोरगं मार्चपासून ढेपाळलं आणि गुण पार घसरले, तर कॉलेज दिलेला प्रवेश काढूनही घेतं. या आजाराला इथे 'सीनियरायटिस' असं नावच आहे.

टक्क्यांऐवजी जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांची सरासरी असते, साधारण चारपैकी. एपी म्हणजे कॉलेजच्या तोडीचे विषय घेतले की त्यांना जास्त वजन, म्हणून कुणाकुणाची चारच्याही वर जाते. हे वजन प्रत्येक शाळा आपल्या हिशेबानं धरते, तेव्हा शेजारच्या शाळेतल्या मुलाशी तुलना करण्यात काही राम नाही. एपीची बाहेरची परीक्षा मे महिन्यात, गुण एक ते पाच.

'नॅशनल मेरिट' या शिष्यवृत्तीचं तुम्ही वाचलंत, तिची परीक्षा अकरावीच्या ऑक्टोबरमध्येच होते. देशभरातून सुमारे सोळा हजार मुलं सेमीफायनलिस्ट ठरतात, पण पात्रतेच्या गुणांची रेषा प्रत्येक राज्याची वेगळी, आणि न्यू जर्सीची देशातल्या सर्वांत वरच्या रेषांपैकी. इथे दोन गुणांनी हुकलेला मुलगा दुसऱ्या एखाद्या राज्यात सहज बसला असता. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून कुणी हळहळू नये.

आता तारखा. अर्जाचा सामाईक फॉर्म, कॉमन ॲप, १ ऑगस्टला उघडतो. त्यात ६५० शब्दांपर्यंत एक निबंध आणि जास्तीत जास्त दहा उपक्रम. प्रत्येक उपक्रमाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. एवढ्यात 'विविध स्पर्धांमध्ये उत्साहाने सहभाग' लिहिलं की जागा संपली आणि हाती काही लागलं नाही. नेमकं काय केलं, किती मुलांना शिकवलं, आठवड्याला किती तास, एवढंच लिहायचं. दहा क्लबांची नावं भरण्यापेक्षा चार वर्षं टिकवलेली वादविवादाची टीम जास्त बोलते. शिक्षकांची शिफारसपत्रं अकरावीच्या मे महिन्यातच मागून ठेवायची. ऑक्टोबरमध्ये मागितली तर चांगल्या शिक्षकांकडे आधीच रांग असते, आणि मग पत्र येतं ते कुणालाही लागू पडेल असं.

बऱ्याच कॉलेजांची पहिली मुदत १ नोव्हेंबर. इथेच घरं फसतात. 'अर्ली ॲक्शन' म्हणजे लवकर अर्ज, बंधन नाही. 'अर्ली डिसिजन' म्हणजे कॉलेजनं घेतलं तर तिथेच जायचं. त्यावर मुलगा, पालक आणि शाळेचा समुपदेशक असे तिघे सही करतात. फीसाठी किती मदत मिळेल हे न बघता ही सही केली की डिसेंबरात निकाल येतो आणि पैशांचा घोळ सुरू होतो. म्हणून आधी कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आपलं उत्पन्न घालून अंदाज काढायचा, मगच सही. बाकीच्यांची निवड बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कळवायची असते.

हे सगळं इथल्या कुठल्याही शाळेत. चिरंजीवांची शाळा मुलग्यांची आणि कॅथलिक, जेझुइट नावाच्या संघाच्या पाद्र्यांची, म्हणून त्यावर आणखी थर येतात. जेझुइट पाद्री आपल्याला नवे नाहीत. गोव्यात येऊन मराठीत ओव्या रचणारे फादर स्टीफन्स त्यांचेच, आणि पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्सही. इथली त्यांची सर्वांत जुनी शाळा, जॉर्जटाउन प्रेप, १७८९ची. न्यू यॉर्कची रीजिस १९१४ची, तिथे फी नाही, पण प्रवेश कॅथलिक मुलांनाच. बाकी बहुतेक शाळा हिंदू-मुसलमान मुलं घेतात. धर्मशास्त्राचा विषय मात्र सगळ्यांना. शर्ट-टाय सक्तीचे. टाय सैल दिसला की शाळा सुटल्यावर 'जग' म्हणजे शिक्षेचा तास. पोरं त्याचा अर्थ 'जस्टिस अंडर गॉड' असा सांगतात, पण मूळ लॅटिन 'जुगुम' असावं: जू, बैलाच्या मानेवरचं. आपलं जू आणि त्यांचं जुगुम शब्द म्हणूनही एकाच घरातले.

समाजसेवेचे तासही पुरे करावे लागतात, अन्नछत्रात वाढणं, लहान मुलांना शिकवणं, असं. तिथल्या प्रमुखाची सही त्याच दिवशी घ्यायची. वर्षभरानं शोधायला गेलं तर तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि डिप्लोमा अडकतो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातल्या शुक्रवारी कँटीनमध्ये मांस नसतं, तेवढ्या दिवसांपुरती शाकाहाऱ्यांची चंगळ.

बारावीच्या पदवीदानाला यायचं तर व्हिसाची तारीख आत्ताच बघा. दर कुटुंबाला पासेस मोजके असतात. आदल्या एक-दोन दिवसांत चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना होते. सगळे उभे राहिले की आपणही उभं राहायचं, गुडघे टेकले नाहीत तरी चालतं. वहिनी, मग रांग लागते आणि पाद्री पांढरी चकती देतात. ती प्रसाद नव्हे, हात पुढे करू नका. एक तर जागेवर बसून राहायचं, किंवा दोन्ही हात छातीवर आडवे धरून पुढे जायचं, म्हणजे नुसता आशीर्वाद देतात.

आता तुमचं काम. सीनियर मुलांचं 'कायरोस' नावाचं चार दिवसांचं शिबिर असतं. कायरोस म्हणजे ग्रीकमध्ये योग्य वेळ. घड्याळं, फोन काढून घेतात. मधेच एका संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात पाकीट पडतं, घरच्यांनी गुपचूप पाठवलेल्या पत्रांचं. या पत्राला 'पालांका' म्हणतात, स्पॅनिशमध्ये पहार. जड धोंडा हलवायची. ज्याच्या पाकिटात एक-दोनच पत्रं असतात त्याला ते फार लागतं, म्हणून हे लिहितो आहे.

एक पान पुरे. मराठीतच लिहा, पण ठळक आणि सुटं अक्षर काढा, तो एकेक अक्षर लावून वाचतो. उपदेश नको, गुणांचा विषय नको, चुलतभावांशी तुलना तर नकोच. आईनं एखादी खरी आठवण सांगावी, तिला लिहायला जमलं नाही तर वहिनींनी तिच्या शब्दांत लिहून घ्यावं आणि खाली तिची सही. शिबिर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, तेव्हा टपालानं पाठवायचं तर ऑक्टोबर लागताच टाका. पत्ता माझ्या ऑफिसचा घाला, सोबत दिला आहे. घरची टपालपेटी तोच उघडतो.

आणि दादा, फोनवर त्याला यातलं अक्षरही बोलू नका.

तुमचा,
धाकटा