वही पाठवतेय, पण पान २३ वर जरा थांबा

प्रिय आई, बाबा,

या पत्राबरोबर जी जाड काळी वही आलीये ती लगेच उघडू नका, आधी हे वाचा. आई, तू उघडली असशीलच, मला माहितीये, तर निदान पान २३ च्या आधी थांब.

तुम्ही पॅरिसला आला होतात त्या अकरा दिवसांची वही आहे ही. मला काढताना तुम्ही बघितलंच आहे, बाबा तर एकदा वैतागून म्हणालेपण, अगं फोटो काढ ना पटकन, जेवण गार होतंय. पण मला हे असं करायचं होतं कारण लूसी निस्ली म्हणून एक अमेरिकन चित्रकार आहे, ती २००७ साली तिच्या आईबरोबर सहा आठवडे इथे येऊन राहिली होती, ती बावीसची होत होती आणि आई पन्नाशीची, आणि रोज काय खाल्लं, काय बघितलं, कशावरून बिनसलं ते सगळं तिने चित्रं काढून लिहून ठेवलं. पुस्तकाचं नाव ‘फ्रेंच मिल्क’. का, तर तिला इथलं दूध प्रचंड आवडलं म्हणून. मी ते इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात वाचलेलं, आणि तेव्हाच ठरवलं होतं की तुम्ही आलात की आपलं पण असं एक करायचं.

आणि आपलं पहिलंच भांडण दुधावरून! बाबा, आठवतंय ना, पहिल्या सकाळी तुम्ही खाली जाऊन निळ्या झाकणाची बाटली घेऊन आलात आणि आई म्हणाली हा चहा आहे की चहा धुतलेलं पाणी. इथे झाकणाच्या रंगावर असतं सगळं, लाल म्हणजे पूर्ण साईचं, निळं म्हणजे अर्धी साय काढलेलं, हिरवं म्हणजे काहीच न उरलेलं, आणि हे मला माहीत असून मी सांगितलं नव्हतं कारण मी झोपले होते. पान २ वर तिन्ही बाटल्या आहेत. हिरवीवर आईने लिहायला सांगितलेलं वाक्य पण आहे, ते इथे लिहीत नाही.

चित्रांबद्दल थोडं सांगते म्हणजे तुम्ही मला अर्धवट कामं करणारी म्हणणार नाही. जेवताना मी फक्त पेनाने रेघा काढायचे, वॉटरप्रूफ शाईच्या, आणि प्रत्येक गोष्टीच्या बाजूला रंगाचं नाव लिहायचे, ‘करपलेला तपकिरी’, ‘आईच्या स्वेटरचा मरून’ असं, आणि रंग रात्री भरायचे. शाई वॉटरप्रूफ नसली की ब्रश लागला की सगळं फरपटतं, पान १ वरचा आयफेल टॉवर त्यानेच मेलाय, त्या दिवशी दुसरं पेन होतं. ही रंगांची नावं लिहायची युक्ती माझी नाही, देलाक्रवा म्हणून जुना फ्रेंच चित्रकार १८३२ मध्ये मोरोक्कोला गेला होता तेव्हा त्याच्या वह्यांमध्ये असंच करायचा, घोडा पळतोय, बाजार हलतोय, रंग कालवत कोण बसणार, मग शब्दच लिहायचे. आणि म्युझियममध्ये तर पेन्सिलच बाहेर काढायची, रंग चालत नाहीत, म्हणून ओर्से म्युझियमची सगळी पानं करडी आहेत.

ओर्सेचं बाबांसाठी मुद्दाम दोन पानं घेतलीयेत. सगळं जग तिथे माने आणि व्हॅन गॉगची चित्रं बघायला जातं आणि आमचे बाबा मान वर करून छत बघतायत, कारण मी चुकून सांगितलं की हे आधी रेल्वे स्टेशन होतं. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, आणि १९३९ येईपर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्या बंद झाल्या, कारण गाड्या लांब झाल्या आणि प्लॅटफॉर्म तेवढेच आखूड राहिले. हे ऐकल्यावर तुम्ही पुतळ्यांच्या मधून पावलं मोजत टोकापर्यंत गेलात आणि गार्ड तुमच्याकडे बघत होता. ३४ वर्षं रेल्वेत काढलेला माणूस आहे हो, असं त्याला सांगावंसं वाटलं होतं मला, पण तेवढं फ्रेंच ऐनवेळी सुचत नाही. किती पावलं भरली ते तुम्ही सांगितलं होतं, मी लिहायला विसरले. चौकट रिकामी ठेवलीये, आकडा घाला.

खाण्याची पानं आई तुझी. ब्रेडच्या दुकानातली तुझी उलटतपासणी मी जशीच्या तशी उतरवलीये, यात घालतात काय, अंडं नाही ना, आणि त्या बाईने पण बोटं मोजून सांगितलं, पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. ‘ट्रॅडिशन’ बगेतसाठी, म्हणजे त्या लांब ब्रेडसाठी, १९९३ चा सरकारी नियमच आहे तसा, आणि कणीक फ्रीझ केलेली चालत नाही. ते ऐकून तू जी खूश झालीस! मग रस्त्यातच बाबांनी टोक मोडून खाल्लं आणि तू ओरडलीस, पण इथे सगळे तेच करतात, घरी पोचेपर्यंत शेंडा शिल्लक नसतो.

पाण्याचं मात्र मला लागलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं जेवणभर पाणीच प्यायला नाहीत, मला वाटलं थंडीमुळे असेल, आणि रात्री कळलं की मेन्यूवर बाटलीची किंमत बघून तुम्ही गप्प बसलेलात. अहो, जेवायला बसलं की नळाचं पाणी इथे फुकट मिळतं, ‘कराफ दो’ म्हणायचं फक्त. मला विचारायचं ना. पण मी तरी कुठे सांगितलं, मी काचेच्या ग्लासची सावली काढत बसले होते.

आता पान १७. कांद्याचं सूप. दिसायला नुसता कांदा, ब्रेड आणि चीज, पण पाणी बऱ्याचदा बीफच्या हाडांचं असतं, आणि तू वेटरला विचारायला सांगितलंस, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि मी म्हणाले, “हळू बोल ना आई, सगळे बघतायत.” कोणीही बघत नव्हतं. सूपमध्ये बीफ होतंच, म्हणजे तुझंच बरोबर. मी तेव्हा टेबल काढत होते, ब्रेडची टोपली, मिठाची बाटली, आणि रात्री रंग भरायला बसले तेव्हा बघितलं की कोपऱ्यात तुझे हात आलेत आणि तू कागदी नॅपकिनची घडी घालत घालत तिकिटाएवढी केलीयेस. तिथे समोर बसून मला ते दिसलं नव्हतं. माफी मागायची राहिली, ती आता मागते.

निस्लीबाईंचं अजून एक पुस्तक आहे, ‘डिस्प्लेसमेंट’, २०१५ चं. त्यात ती नव्वदीतल्या आजी-आजोबांना घेऊन क्रूझवर जाते आणि मध्ये मध्ये आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या आठवणी येतात. त्यात खाण्याची मजा कमी, आणि कोण कुठे हरवेल, कोण कधी पडेल याची धाकधूकच जास्त. ते मला आधी आवडलं नव्हतं, रडकं वाटलं. मला पहिल्या पुस्तकासारखी वही करायची होती, हसरी, लोण्याची, आणि सगळी पानं ओळीने चाळल्यावर लक्षात आलं की अर्धी तर या दुसऱ्याच्या बाजूला सरकलीयेत.

बाबा, फोनमधले फोटो बघा, तुम्ही सगळीकडे ताठ उभे. आणि वहीत बघा. पान ८, १२, १९, ३४, प्रत्येक ठिकाणी तुमचा डावा हात कठड्यावर आहे. मी मुद्दाम नाही काढलं, जे समोर होतं ते काढलं. मेट्रोच्या जिन्यात तुम्ही प्रत्येक वळणावर थांबून भिंतीवरची पोस्टर्स वाचत होतात, आणि मला कौतुक वाटत होतं की बाबांना किती इंटरेस्ट आहे, फ्रेंच येत नसताना! १४ नंबरची लाइन सोडली तर इथे बहुतेक स्टेशनांना धड लिफ्ट नाही, हे मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला दिवसाला तीन-तीनदा गाड्या बदलायला लावत होते. आई, तुला माहीत होतं ना? तू दर वेळी मधेच बुटाची लेस बांधायला थांबायचीस, आणि ते बूट वेल्क्रोचे आहेत. पान १९ वर आलेत.

आणि पान २३. तुम्ही आलात तेव्हा मी रजा घेतलीये असं सांगितलं होतं. रजा नव्हती. त्याच्या दोन आठवडे आधी माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं आणि त्यांनी पुढे वाढवलं नाही. सहाव्या रात्री तुम्ही झोपल्यावर स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लिहिलंय ते पान, चित्र फक्त एक आहे, सिंकमधल्या तीन कपांचं, बाकी सगळा मजकूर, अक्षर घाणेरडं. तिकिटं काढून झाली होती, तुम्ही दोन वर्षं पैसे साठवत होतात, कशाला सांगायचं म्हटलं. फाडून टाकणार होते, पण मग पान २४ पण गेलं असतं, आणि त्यावर आईने केलेलं रातातुई आहे, ती वांग्या-टोमॅटोची फ्रेंच भाजी, वांगी तिने स्वतः बाजारात निवडलेली, विक्रेता हात लावू नका म्हणत असताना. आता काळजी करू नका, नवीन काम मिळालंय, लहान ऑफिस आहे, सहा महिन्यांचं आहे सध्या, भाडं निघतं. व्हिसा पुढच्या सप्टेंबरपर्यंत आहे, बाबा विचारणारच म्हणून लिहिलं.

अजून एक दिसलं मला. अकरा दिवसांत मी बावीस ताटं काढलीत आणि सगळी माझी. तुम्ही काय खाल्लंत ते कुठेच नाही. निम्म्या वेळा तुम्ही माझ्यातलंच अर्धं घेत होतात ते तर मला चित्रं मोजताना कळलं, दर वेळी प्लेटच्या पलीकडून एक काटा आलेला आहे.

शेवटची सहा पानं कोरी आहेत. आई, तू काय खाल्लंस ते आठवेल तसं काढ, नाही येत म्हणू नकोस, माझ्या शाळेच्या वह्यांमधली फुलपाखरं तूच काढायचीस. वही परत पाठवायची घाई नाही. आणि बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढलात की तारीख पान ३४ वर लिहा, कठड्याच्या बाजूला जागा ठेवलीये.

तुमची,
धाकटी