ओल्ड-न्यू शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

आमच्या लालबागच्या पतपेढीत सभासदाचा पत्ता किंवा वारसदार बदलला, की आधी काय होतं आणि कधी बदललं याची नोंद आता डेटाबेस स्वतःच ठेवतो, ट्रिगरने, म्हणजे ओळ बदलली की आपोआप चालणाऱ्या छोट्या कोडने. ऑडिटच्या दिवसांत कुणाला फायली उपसाव्या लागत नाहीत. हे तुमच्यामुळे झालं, म्हणून हे जाहीर पत्र.

ऑफिस सुटल्यावर तुम्ही मला परळला बोलावून घ्यायचात. पैशांचा विषय काढला की चहा मागवायचात. पहिल्या संध्याकाळी कीबोर्डला हातच लावू दिला नाहीत. पाठकोऱ्या कागदावर एकाच सभासदाची ओळ दोनदा लिहायला लावलीत, वर ओल्ड आणि खाली न्यू, आणि विचारलंत, "सांग, यातलं काय बदललं?" इन्सर्टला (नवी ओळ घालताना) ओल्ड नसतो, डिलीटला (ओळ काढताना) न्यू नसतो, अपडेटला (ओळ बदलताना) दोन्ही हाताशी असतात, हे मला त्या कागदावर दिसलं. बिफोर-आफ्टरही, म्हणजे ट्रिगर बदलाच्या आधी चालवायचा की नंतर, मग सोपं गेलं: 'शेवटचा बदल'ची वेळ बिफोरमध्ये भरायची, कारण न्यू अजून लिहिला जायचा असतो, इतिहासाची नोंद आफ्टरमध्ये, ओळ पक्की झाल्यावर.

पण सगळ्यात मोठं ऋण पुढच्या गोष्टीचं आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'अपडेट ऑफ' लिहून कॉलमचं नाव दिलं, तरी त्यातली किंमत खरंच बदलली का, हे ट्रिगर बघत नाही. आज्ञेत तो कॉलम आला की झालं. आमचा फॉर्म तर सेव्ह करताना सगळेच कॉलम पाठवतो. म्हणून तुम्ही 'व्हेन'ची, म्हणजे ट्रिगर केव्हा चालवायचा याची, अट घालायला शिकवलंत, आणि तीही 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम'ने. साध्या 'समान नाही'च्या खुणेला नलशी, म्हणजे रिकाम्या किमतीशी, तुलना करता येत नाही, उत्तरही नलच येतं. रिकाम्या जागी पहिल्यांदा वारसदाराचं नाव पडलं, तर ती नोंद निसटली असती. आणि पतपेढीत हवी असते नेमकी तीच! सभासदाच्या माघारी घरात वाद होतो तो वारस कधी लावला यावरूनच.

एसएमएस ट्रिगरमधून पाठवायला तुम्ही ठाम नकार दिलात. ट्रिगर मूळ बदलाच्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा एका गठ्ठ्यात, चालतो. रोलबॅक झाला, म्हणजे तो बदल मागे घेतला गेला, तर नोंदही पुसली जाते, पण गेलेला एसएमएस परत येत नाही. ही सावधगिरी मला एकटीला सुचली नसती.

एका आज्ञेने बदललेल्या सगळ्या ओळी ट्रिगरला एकत्र पाहता येतात, पोस्टग्रेस १० पासून ती सोय आहे, असं तुम्ही निघता निघता म्हणाला होतात. मार्चअखेरीला सगळ्या खात्यांवर व्याज चढतं, तिथे ती वापरायची आहे. दिवाळीनंतर एखादी संध्याकाळ द्याल का? या वेळी चहा माझ्याकडून, चकल्याही.

आपली कृतज्ञ,
पतपेढीतली विद्यार्थिनी