आंबा बोटीने पाठवण्याबद्दल

रॉटरडॅम
फेब्रुवारी

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

दादा फोनवर सांगत होता, यंदा देवगडहून आंबा बोटीने युरोपात पाठवायचं तुमचं जवळजवळ ठरलंय आणि व्यापारी आगाऊ रक्कमही देतोय. "बोटीन स्वस्त जाता, मग विमान कित्याक?" हा तुमचा प्रश्न त्याने अगदी तुमच्या आवाजात विचारला. फोनवर उत्तर अर्धंच राहिलं, म्हणून लिहितोय.

बोट स्वस्त पडते, हे खरंच आहे. पण चौदा आण्यांवर, म्हणजे पिकायच्या थोडा आधी, झेल्याने उतरवलेला हापूस कुणासाठी थांबत नाही. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातून सुएझ कालव्यामार्गे इथे यायलाच तीन-चार आठवडे जातात. २०२३च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. २०२१च्या मार्चमध्ये चारशे मीटर लांबीचं एव्हर गिव्हन हे जहाज सुएझमध्ये आडवं अडकलं, तर सहा दिवस सगळी वाटच बंद. पुढे अडकलेली जहाजं एकदमच इथे आली आणि धक्क्यावर जागा पुरेना. वाट मोकळी झाली म्हणजे खोळंबा संपला, असं बंदरात होत नाही.

थंड कंटेनरात आंबा तेरा अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. त्याहून बराच खाली गेला तर साल काळवंडते आणि तो नीट पिकतच नाही, वर गेला तर वाटेतच पिकतो. मधल्या बंदरात कंटेनर एका जहाजातून दुसऱ्यात चढवताना विजेचा प्लग काढतात, आणि तो परत वेळेवर लागला नाही तर कुणाला कळतही नाही. गेल्या वर्षी आमच्या गोदामात आंब्याचा असा एक कंटेनर उघडला. दार उघडताच आंबूस वास आला. मला आपली अढी आठवली आणि तिथे उभं राहवेना. कुणाच्या तरी वर्षभराच्या फवारण्या, राखण, सगळं त्यात होतं. विम्याचंही ऐका: नेहमीच्या माल-विम्यात केवळ उशिरामुळे झालेलं नुकसान धरत नाहीत. व्यापाऱ्याने हे सांगितलं का?

विमानही सोपं नाही, तेही मान्य. बराचसा माल प्रवासी विमानांच्या पोटातून येतो, म्हणून २०२० साली ऐन हंगामात प्रवासी उड्डाणं थांबली आणि माल पाठवायला जागाच मिळेना. शिवाय युरोपने २०१४ साली फळमाशीमुळे आपला आंबा बंद केला होता. २०१५ साली तो पुन्हा सुरू झाला, पण ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवण्याची पायरी आली. ती बोटीलाही चुकत नाही. आणि साका, आतला गर खराब होणं, बाहेरून दिसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

दादा विचारत होता, जयगड बंदर इतकं जवळ आहे, तिथून का नाही? आपला माल दोन-अडीच महिन्यांचा. उरलेलं वर्ष कंटेनर-जहाज तिथे कशासाठी थांबेल? येताना भरून आणि जाताना भरून, असं झालं तरच त्यांना परवडतं. आजोबांच्या वेळी पेट्या बोटीने मुंबईला जात, पण ती एका रात्रीची वाट होती.

बोटीचा मार्ग कायमचा सोडा, असं नाही म्हणत. २०२२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने आंबा समुद्रमार्गे अमेरिकेला पोचला, म्हणजे हे जमू शकतं. फक्त पूर्ण बाग त्यावर लावू नका. व्यापाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा: मधे कंटेनर कुठल्या बंदरात बदलणार, तापमानाची नोंद आपल्याला दाखवणार का, आणि माल उशिरा पोचला तर नुकसान कुणाचं. उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम घेऊ नका. त्याचे कागद दादाने फोटो काढून पाठवले, तर मी रात्री जागून वाचीन.

आईला सांगा, गुडघ्याचं तेल मिळालं. मोहोर कसा आहे ते कळवा. थंडी टिकली का?

तुमचा,
बाळू