सशांची सुटका व्हावी म्हणून: प्रशिक्षण वर्गासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

प्राण्यांवरचे प्रयोग कमी व्हावेत म्हणून झटणाऱ्या समितीचं काम आपण जाणताच, पण ज्यांच्यामुळे इथवर आलो त्यांचं ऋण मानल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपली पहिली पत्रकं निघाली ती प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त बाईंच्या पेन्शनमधून. ‘आयुष्यभर मुलांना बेडूक चिरायला शिकवलं, आता ते थांबवायला हातभार लावते,’ म्हणाल्या, आणि पावतीवर नावही घालू दिलं नाही. छापखान्याच्या काकांनी फक्त कागदाचे पैसे घेतले. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वं (प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा) सोप्या मराठीत आणली ती विद्यार्थ्यांनी, सुट्टी मोडून. या मंडळींचा आम्हांला फार अभिमान आहे.

आता मुद्द्याचं. इंजेक्शनच्या औषधात ताप आणणारं काही राहिलं नाही ना, हे तपासायला सशाला पेटीत मान अडकवून बसवतात. गुदद्वारात तापमापी, कानाच्या शिरेत औषध, मग तीन तास ताप चढतो का ते पाहायचं. मी हे जवळून पाहिलं आहे. ससा ओरडत नाही, नाकपुड्या तेवढ्या भराभर हलत असतात.

हेच काम माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट पेशी (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) करतात. नमुना दूषित असला की त्या इंटरल्युकिन-६ सारखी ताप चढवणारी द्रव्यं सोडतात, ती मोजता येतात. युरोपीय औषधकोशात (औषध तपासणीच्या तिथल्या अधिकृत ग्रंथात) ही पद्धत २०१० पासून आहे. औषध माणसाला द्यायचं, तर उत्तर माणसाच्या पेशींकडूनच घेतलेलं बरं नाही का?

बऱ्याच खेपा घातल्यावर एक प्रयोगशाळा आपले दोन तंत्रज्ञ ही पद्धत शिकायला आपल्या वर्गाला पाठवायला तयार झाली आहे. प्रशिक्षकांचा प्रवास आणि रसायनांचा खर्च मात्र समितीने उचलायचा. मागच्या खेपेला घरोघर पत्रं दिली, उत्तरं बोटांवर मोजण्याइतकीच आली. काहींनी तर आम्हांला विज्ञानाचे शत्रू ठरवलं. ते लागलं, खोटं कशाला बोलू? आम्ही संशोधन थांबवा म्हणत नाही, अधिक चांगलं करा म्हणतो.

महिनाअखेरपर्यंत रक्कम जमली नाही तर तारीख हातची जाईल. धनादेश समितीच्या नावे, रेखांकित. रोख फक्त खजिनदारांकडे, पावती तिथेच घ्यावी. पैसे शक्य नसतील तर सह्यांच्या मोहिमेला रविवारची सकाळ द्या. टंकलेखन येणारे दोघे तातडीने हवेत.

आपली,
कार्यवाह