छोटूसाठी प्रार्थना करताना

प्रिय आई-बाबा,

सलाम.

बाबा, तुम्ही विचारलंत, आपण इथे गुडघे टेकतो त्यातलं छोटूपर्यंत काही पोचतं का? पोचतं. रात्री साडेनऊला तुमचा फोन आला की तो हातातलं काम थांबवतो, स्पीकर लावतो आणि डोळे मिटतो. बाकी कुणाचेही फोन तो हल्ली उचलत नाही, मित्रांचेसुद्धा. तेव्हा ही गोष्ट लहान समजू नका.

पण एक सांगायचं आहे, आणि फोनवर तो शेजारीच असतो म्हणून हे पत्र. तुमच्या प्रार्थनेत हल्ली सूचना फार असतात, बाबा. "हे देवबापा, त्याला पहाटे उठायची बुद्धी दे. मोबाइलपासून दूर ठेव. मिळेल ती नोकरी नम्रपणे पत्करायला शिकव." नाव प्रभूचं आणि ऐकवायचं छोटूला! तो किती वाजता उठतो हे प्रभूला आपण सांगायची गरज नाही. परवा तुम्ही 'नम्रपणे' म्हणालात तेव्हा तो कणीक मळत होता. त्याने डोळे उघडले, पीठ लागलेला अंगठा परातीच्या काठाला पुसत राहिला, आणि आमेन माझ्या एकटीचंच झालं. तुम्हाला तिकडे वाटलं असेल, रेंज गेली.

आई, तुझं वेगळंच. तुझी प्रार्थना दोन मिनिटांची आणि गोड, पण आमेन म्हटल्यावर श्वास न घेता विचारतेस, "मग, कुठून काही कळलं का रे?" आता रोज रोज काय कळणार? प्रार्थनेचं उत्तर आपणच कुठूनतरी आणून द्यायचं आहे, असं त्याला वाटायला लागतं.

तो नुसता बसून आहे असं मनातून काढून टाका. कंपनीने त्याचा अख्खा विभाग एका दुपारी बंद केला, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून अर्ज चालूच आहेत. पवई, ऐरोली, अंधेरी, कुठे कुठे जाऊन येतो. भांडुपहून अंधेरीला जायचं म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो, तिथून रिक्षा, आणि एवढं करून मुलाखत दहा मिनिटांची. 'कळवतो' म्हणतात. कळवत कुणीच नाही. माझे आणि ह्यांचे डबे सकाळी तोच भरतो. पोळ्या आता माझ्यापेक्षा बऱ्या करतो, हे मात्र तिकडे मावश्यांना सांगू नका.

झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांकडे नेलं होतं, गोळ्या सुरू आहेत. "विश्वास असताना गोळ्या कशाला?" असं इथल्या घरगुती प्रार्थनासभेत एक बाई त्याच्या तोंडावर म्हणाल्या. प्रेषित पौलाबरोबर लूक होता आणि तो वैद्य होता, कलस्सैकरांच्या पत्रात तसं लिहिलेलंच आहे, असं मी म्हणाले. त्या गप्प झाल्या. सभेला आम्ही सध्या जात नाही.

बाबा, तुम्हाला शास्त्र मी काय सांगणार? इतकी वर्षं संडे स्कूल तुम्ही घेतलंत. पण पहिले राजे, अध्याय १९ पुन्हा एकदा वाचा, आणि या वेळी छोटूला डोळ्यांपुढे ठेवून वाचा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवणारा संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका निरोपाने घाबरून पळतो, रानात रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि 'आता पुरे' म्हणून मरण मागतो. संडे स्कूलमध्ये तुम्ही कर्मेलचा अग्नी रंगवून सांगायचात, हा भाग आम्ही लवकर उरकायचो. देवदूत येतो तो काय करतो? उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो आणि परत झोपतो. कुणी रागावत नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला घालतो, आणि म्हणतो, तुझा रस्ता लांबचा आहे. मग चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून तो होरेब डोंगराला पोचतो. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न देव त्याला तिथे विचारतो, त्याआधी नाही.

आपण प्रश्न फार आधी विचारतोय, एवढंच माझं म्हणणं आहे.

आई, तू रोज यिर्मयाचं २९:११ पाठवतेस, सूर्योदयाच्या फोटोवर लिहिलेलं. तो अध्याय म्हणजे बाबेलमध्ये बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. देवाचे आपल्या हिताचे संकल्प ११ व्या ओवीत आहेत खरे, पण १० व्या ओवीत सत्तर वर्षं आहेत! आणि त्याआधी, घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्या नगरासाठी प्रार्थना करा. हे मी छोटूला वाचून दाखवलं तर बऱ्याच दिवसांनी हसला. म्हणाला, "सत्तर वर्षं म्हणजे मी शंभरी पार करीन, आईला सांग." तेव्हा ते चित्र आता नको पाठवूस. त्यापेक्षा आपल्या लिंबाच्या झाडाचा फोटो पाठव, किंवा बाबा पेपर वाचता वाचता झोपतात तो.

अजून एक गोष्ट आहे, ती तुमच्याच कानावर माझ्याकडून गेलेली बरी. दर बुधवारी तो माहीमच्या कॅथलिक चर्चला नोव्हेनाला, म्हणजे मरियामातेच्या प्रार्थनेला जातो. आपल्यात नोव्हेना नसतो, मला माहीत आहे, आणि पाळकसाहेबांना काय वाटेल तेही. पण १९४८ पासून तिथे दर बुधवारी ही गर्दी होते, दिवसभर वेगवेगळ्या भाषांतून, मराठीतूनही, आणि त्यात ख्रिस्ती नसलेलेही कितीतरी असतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं विकायला ठेवलेली असतात. तो काही विकत घेत नाही, मागच्या बाकावर बसतो. लोकांनी लिहून दिलेल्या विनंत्या आणि आभार तिथे वाचून दाखवतात. कुणाला मूल हवंय, कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाची नोकरी गेली आहे. "ताई, तिथे मी एकटा नापास नाही वाटत," असं म्हणाला. यावर मी काय बोलणार? तुम्हीही काही बोलू नका.

आणि बाबा, तुमच्या मनात काय आहे ते आईने मला सांगितलं. लहानपणी त्याच्याशी फार कडक वागलो, त्याचंच हे फळ असेल, असं तुम्ही म्हणता म्हणे. योहानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाकडे बघून शिष्य हेच विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? प्रभू म्हणतो, ह्याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. तुम्हीच हा भाग आम्हाला पाठ करायला लावला होता. तो तुमच्या बाबतीतही खरा धरा.

प्रार्थना थांबवू नका, उलट जास्त करा. सूचना असतील त्या पहाटे, तो ऐकत नसताना देवाला सांगा, यादी करून सांगा हवं तर. साडेनऊच्या फोनवर फक्त त्याच्याबद्दल उपकार माना. त्याच्या पोळ्यांबद्दल माना. आमच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन रात्री हॉस्पिटलात हाच बसला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल, त्याबद्दल माना. आणि मधूनमधून त्याला म्हणा, तू आमच्यासाठी प्रार्थना कर, आईचं बीपी आहे, बाबांचा मोतीबिंदू आहे. सगळे त्याच्यासाठीच मागतात, त्याच्याकडे कुणी काही मागत नाही.

येत्या मंगळवारी अकरा वाजता त्याची विक्रोळीला मुलाखत आहे. हे त्याने मला सांगितलंय, तुम्हाला नाही, तेव्हा तुम्हाला माहीत नाही असंच समजा. सकाळी जे काय मागायचं ते मागा, आई, तुला उपास करायचा तर कर. रात्री फोनवर विचारायचं नाही. तुला ते जमणार नाही, म्हणून मंगळवारी फोन बाबांच्याच हातात राहू दे.

तुमची,
मोठी